पेटीवरची खूण आणि पेढीची पत

बँकेच्या सेवेत असताना वर्धा, हिंगणघाट, आर्वी येथील अनेक दुकानांच्या मालाची तपासणी मी केली. कॅश क्रेडिट खात्यासाठी माल मोजावयाचा, त्याची किंमत लावावयाची आणि स्टॉक स्टेटमेंटशी ताळा जुळवावयाचा, एवढेच आमचे काम. पेटी उलटून तिच्यावरील मानकचिन्ह मात्र मी क्वचितच पाहिले. निवृत्तीनंतर ही उणीव प्रकर्षाने जाणवली.

विजेच्या साहित्याचे दुकान चालविणाऱ्या माझ्या पुतण्याने ऑनलाइन विक्रीसाठी यादी तयार केली : मोबाइल चार्जर, पाणी तापविण्याचे हीटर रॉड आणि वॉकी-टॉकी. “काका, माल बनविणारा वेगळा, संकेतस्थळ दुसऱ्याचे. आपल्यावर काय येणार?” असा त्याचा प्रश्न होता. आपल्या अनेक घरांत हाच प्रश्न असावा, म्हणून उत्तर येथे देतो.

भारतीय मानक ब्यूरो अधिनियम, २०१६ च्या कलम १७ नुसार, ज्या वस्तूला मानकचिन्ह सक्तीचे आहे ती चिन्हाविना बनविणेच नव्हे, तर विकणे, साठविणे आणि विक्रीसाठी मांडणेही निषिद्ध आहे. संकेतस्थळावर छायाचित्र व किंमत टाकली, की माल मांडलाच म्हणावयाचा. पहिल्या गुन्ह्यास दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा किमान २ लाख रुपये दंड, अथवा दोन्ही, अशी तरतूद कलम २९ मध्ये आहे. दंड मालाच्या किमतीच्या दहापटीपर्यंत जाऊ शकतो. मार्च २०२५ मध्ये ब्यूरोने एका मोठ्या ऑनलाइन कंपनीच्या दिल्लीतील गोदामातून साडेतीन हजारांहून अधिक विद्युत उपकरणे जप्त केली. त्यांची किंमत सुमारे ७० लाख रुपये होती.

ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ चे कलम ८६ याहून मोलाचे आहे. मालाचा निर्माता कोण हे कळत नसेल, अथवा मालाच्या तपासणीत विक्रेत्याने वाजवी काळजी घेतली नसेल, तर सदोष वस्तूमुळे झालेल्या हानीची भरपाई विक्रेत्याकडून मागता येते. म्हणजे बिनानावाचा स्वस्त माल घेणारा व्यापारी निर्मात्याची जोखीम आपल्या शिरावर घेतो.

तपासणी अवघड नाही. हीटर रॉड, वायर, प्लग यांवर आयएसआय चिन्ह, त्याच्या वर मानक क्रमांक आणि खाली ‘सीएम/एल’ने सुरू होणारा परवाना क्रमांक असावा. चार्जर, पॉवर बँक यांवर ब्यूरोचे नोंदणीचिन्ह आणि ‘आर-’ने सुरू होणारा क्रमांक पाहावा. हे क्रमांक ‘बीआयएस केअर’ या मोबाइल ॲपमध्ये टाकताच निर्मात्याचे नाव व परवान्याची स्थिती दिसते. वॉकी-टॉकीसाठी दूरसंचार विभागाची ईटीए नावाची मान्यता लागते. परवान्याविना वापरता येणारा त्याचा पट्टा ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ एवढाच आहे. अशा विक्रीसंबंधी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२५ मध्ये स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वे काढली. खरेदीचे पक्के बिल आणि पडताळणीचा दिनांक वहीत ठेवावा.

अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत प्रतिरूपक-व्यवहार, म्हणजे अस्सलाच्या जागी नक्कल विकणे, आणि राज्याच्या नियमांचे उल्लंघन हे दोन्ही आपल्या आचार्यांनी केव्हाच सांगून ठेवले आहेत. सदोष रॉड बादलीत बुडाला, की पाण्यातून वीज हाताला लागते. आपला ग्राहक दूरच्या गावचा असेल, आपण त्याला कधी पाहणार नाही. परंतु तो हात कोणाच्या तरी मुलाचा असतो.

पुतण्याने क्रमांक तपासले. रॉडच्या एका खेपेवरील परवाना क्रमांक ॲपमध्ये आढळलाच नाही, आणि ठोक व्यापाऱ्याने माल परत घेण्यास नकार दिला. त्याने ते रॉड तोडून भंगारात दिले व सुमारे १८ हजार रुपयांचा तोटा खात्यात लिहिला. वॉकी-टॉकीही यादीतून काढले. चाळीस वर्षे ताळेबंद वाचलेल्या मला, तोट्याची ही नोंद त्या पेढीच्या जमेच्या बाजूची वाटली.