डाव्या हाताची सोय

आपल्या घरांत संगीत आले ते बहुधा पेटीच्या वाटेने. मंदिरातील पूजा असो वा पर्युषणातील भक्तिसंध्या, उजवा हात सुरांवर आणि डावा हात भात्यावर, ही विभागणी ठरलेली. आता नातवंडे पियानो अथवा कीबोर्ड शिकू लागली आहेत. ज्या डाव्या हाताने आजवर केवळ हवा भरली, त्याच्यावर कॉर्डची, म्हणजे एकाच वेळी उमटणाऱ्या स्वरसंघाची, जबाबदारी आली आहे.

माझी नऊ वर्षांची नात एके दिवशी पुस्तक मिटून म्हणाली, “आजी, माझा हातच लहान आहे. मला नाही जमायचे.” पुस्तकात छापलेल्या बोटांनीच वाजवायचे, असा तिला शिकवणीत दंडक होता. मनगट दुखत होते, तरी ती तो पाळत होती. त्या दिवसापासून मी तिच्या शेजारी बसू लागले.

बोटांचे अंक सोपे आहेत. अंगठा १, तर्जनी २, मध्यमा ३, अनामिका ४ आणि करंगळी ५. डाव्या हाताची करंगळी खालच्या स्वराकडे येते. पांढरी एक हा षड्ज मानला, तर सा-ग-प हा संघ ५-३-१ या बोटांनी वाजतो. दोन स्वरांमध्ये एकेक पांढरी पट्टी सुटते, तसे एकेक बोटही सुटते. म्हणून ही रचना हाताला स्वाभाविक वाटते.

पुढचा संघ म-ध-सां. तो याच क्रमाने वाजवायचा, तर सारा हात उचलून उडी घ्यावी लागते. तेच स्वर सा-म-ध असे मांडले की करंगळी षड्जावर स्थिर राहते. सा आणि म यांत अंतर अधिक, म्हणून मधल्या स्वरावर तर्जनी येते: ५-२-१. प-नि-रे या संघाचेही तसेच. मंद्र नि, मग रे, मग प अशी मांडणी केली, तर सा-ग-प वाजवताना पंचमावर असलेला अंगठा हलतही नाही. करंगळी तेवढी एक पट्टी खाली सरकते. रिषभावर मध्यमा ठेवावी की अनामिका, याचे उत्तर ज्याचा त्याचा हात देतो.

नातीची खरी अडचण सा-ग-प-सां या चार स्वरांची होती. पियानोवर सप्तकाचा हा पल्ला सुमारे साडेसोळा सेंटिमीटर भरतो. पुस्तकात ५-४-२-१ होते. काही हातांना ५-३-२-१ सोयीचे पडते. तिला दोन्ही जड गेले. तेव्हा आम्ही वरचा षड्ज सोडून दिला. गाण्याचे काही बिघडले नाही.

छापलेला अंक म्हणजे अनुभवी हाताचा सल्ला. तो आधी करून पाहावाच. परंतु तो त्रिकालाबाधित नियम नव्हे. कार्ल फिलिप इमान्युएल बाख यांनी १७५३ साली बर्लिनमध्ये प्रसिद्ध केलेल्या वादनविषयक ग्रंथात बोटांच्या योजनेवर स्वतंत्र प्रकरण आहे. आपल्या वडिलांच्या, म्हणजे योहान सेबास्टियन बाख यांच्या, तरुणपणी थोर वादकही अंगठा केवळ मोठ्या पल्ल्यासाठी वापरीत, असे त्यांनी नोंदवले आहे. आज अंगठ्यावाचून पियानोवादनाची कल्पनाही करवत नाही. काळाने नियम बदलला, तर नऊ वर्षांच्या हातासाठी तो थोडा बदलण्यास काय हरकत?

अनेकांत आपल्याला शिकवतो की वस्तूकडे पाहण्याच्या दृष्टी अनेक असतात. पुस्तकाच्या दृष्टीने एक बोट योग्य, हाताच्या मापाने दुसरे, आणि पुढे येणाऱ्या स्वराच्या अपेक्षेने कदाचित तिसरे. याचा अर्थ कोणतेही बोट कोठेही चालेल, असा नव्हे. त्यासाठी तीन प्रश्न विचारावेत. स्वर दाबून धरले असता मनगट व खांदा सैल राहतो का? तेथून पुढच्या संघाकडे अल्प हालचालीत जाता येते का? आणि उद्याही तीच बोटे आपोआप तेथे पडतील का? तिन्हींचे उत्तर होकारार्थी आले की अंक पेन्सिलीने लिहून ठेवावा आणि रोज तोच पाळावा. दररोज बोटे बदलली, तर सवय जडत नाही.

वेदना हा मात्र सरावाचा भाग नव्हे. रॉबर्ट शूमान यांना उजव्या हाताच्या बोटाला आलेल्या अधूपणामुळे तरुणपणीच वादकाची कारकीर्द सोडावी लागली. पुढे ते संगीतरचनाकार म्हणून अमर झाले, परंतु हात परत आला नाही. मुलाचा हात दुखू लागला की वादन थांबवावे, आणि दुखणे टिकले तर वैद्यकीय सल्ला घ्यावा. कीटकालाही इजा होऊ नये म्हणून जपणाऱ्या आपण, आपल्याच लेकरांच्या बोटांवर सक्ती का करावी?

नात आता स्तवनाला साथ करते. तीनच स्वरांची, पण निर्धास्त. हात वाढेल तेव्हा चौथा स्वर येईलच.