पिस्टनवरचा काळा लेप खरवडू नका!



ऊसविकासाच्या पानावर इंजिनाची गोष्ट कशाला, असे आपण म्हणाल. पण बेणे, खत, बांधणी सारे वेळेवर झाले आणि ऐन वैशाखात पाण्याची एक पाळी चुकली, तर वजनात मार बसतो तो बसतोच. आपल्या राहू बेटाला मुळा-मुठा आणि भीमा या दोन्ही नद्यांचा शेजार. पुण्यास खडकी येथे १९४६ साली किर्लोस्कर ऑईल इंजिन्स ही कंपनी निघाली, आणि पुढे मोटेची जागा इंजिनाने घेतली. आता काठाकाठाने विजेच्या मोटारी बसल्या. तरी विजेचा भरवसा नाही म्हणून पुष्कळांनी जुने इंजिन झाकून ठेवलेले आहे. शिवाय ट्रॅक्टर आहेच.

मागे एकदा उन्हाळ्यात आम्ही राहू शिवारात सुरू लागणीची पाहणी करीत होतो. एका सभासदांच्या खोपीत इंजिन उघडलेले. नवा पिस्टन, नव्या रिंगा, नवा लायनर. त्यांचा मुलगा पिस्टनच्या अंगावरचा काळा थर पॉलिश पेपरने घासत होता. म्हणाला, "साहेब, काजळी धरलीय. चकाचक करून बसवतो." आम्ही शेतकीची पदविका घेतलेले, मान डोलावली आणि पुढे गेलो. चौथ्या दिवशी निरोप आला, इंजिन जाम! पिस्टनला ओरखडे, लायनरही गेला. दीड एकर ऊस माना टाकू लागला. शेजाऱ्यांनी दोन पाळ्या पाणी दिले म्हणून निभावले. पुढे एका जुन्या फिटरने आम्हाला समजावले, "अहो, ती काजळी नव्हती, कवच होतं! त्यात भर म्हणजे पहिल्या दिवसापासून पुरा लोड दिलात." चूक त्या मुलाची, तेवढीच आमची.

हे कवच कशासाठी, ते हिशेबाने पाहू. पाच अश्वशक्तीचे, मिनिटाला १५०० फेऱ्यांचे आणि ११० मिलिमीटर स्ट्रोकचे इंजिन घ्या. एका फेरीत पिस्टन एकदा वर, एकदा खाली जातो. म्हणजे मिनिटाला ३३० मीटर, तासाला जवळजवळ २० किलोमीटर. आठ तास पाणी दिले तर सुमारे १५८ किलोमीटर. राहूहून पुण्याला जाऊन-येऊनही उरेल एवढी घासपट्टी! मध्ये असते ते फक्त तेलाचे पातळ पटल. ते जिथे तुटते तिथे लेप कामाला येतो.

लेप एका जातीचे नाहीत. पिस्टनच्या अंगाला ग्राफाइटचा काळा किंवा कथलाचा रुपेरी थर देतात. तो केसाहूनही पातळ, पण नवे भाग एकमेकांत बसेपर्यंत ओरखडा येऊ देत नाही. बिडाच्या रिंगांना फॉस्फेटचा करडा थर देतात, तो तेल धरून ठेवतो. वरच्या रिंगेला टणक क्रोमचा मुलामा असतो, कारण आच तिलाच जास्त. काही लायनरही आतून क्रोमचे असतात. जर्मनीतील माहले कंपनीने १९६७ साली निकेलमध्ये सिलिकॉन कार्बाइडचे कण मिसळून नवा लेप काढला. तसा लेप पुढे मोटारसायकलींच्या अ‍ॅल्युमिनियम सिलिंडरातही आला.

आता आपण काय करायचे?

१) नव्या पिस्टनला वा रिंगेला पॉलिश पेपर लावू नका. स्वच्छ डिझेलने धुवा, पुसा, तेल लावून बसवा.

२) क्रोमच्या लायनरात क्रोमची रिंग कधीही घालू नका. दोन्ही टणक, एकमेकांना खातात. दुकानात विचारूनच जोडी घ्या.

३) लायनरच्या आत तिरक्या बारीक रेघा दिसतात. तो खराबा नव्हे, तेल धरण्यासाठी मुद्दाम केलेल्या आहेत. घासून गुळगुळीत करू नका.

४) नवे काम झाल्यावर सुरुवातीचे तास हलक्या लोडवर चालवा. नंतर पुस्तकात सांगितल्याप्रमाणे तेल बदला.

५) पंपाचे गार पाणी इंजिनात भरमसाट सोडू नका. इंजिन फार थंड राहिले तर डिझेलमधल्या गंधकाचे आम्ल भिंतीवर धरते आणि लायनर झिजतो. बाहेर पडणारे पाणी हाताला चांगले गरम लागले पाहिजे; तोटी त्या बेताने ठेवा.

६) सर्वांत मोठा शत्रू धूळ. पाणंदीचा फुफाटा आत गेला तर कोणताही लेप टिकत नाही. एअर क्लिनरच्या वाटीतले तेल गढूळ झाले की बदला.

उसाच्या कांडीवरचा पांढुरका मेणचट थर आपण कधी खरवडतो का? तो कांडीतली ओल राखतो, हे आपल्याला ठाऊक असते. इंजिनाचेही तसेच समजा. आणि शंका आली तर आमच्यासारख्याच्या मान डोलावण्यावर जाऊ नका, जाणत्या फिटरला विचारा.

इंजिन सांभाळा, पाण्याची पाळी सांभाळा, उसाचे वजन आपोआप सांभाळले जाईल!