तऱ्हाळ्याचे हत्ती आणि रोमचे राजघराणे

मंगरूळपीर तालुक्यातल्या तऱ्हाळा गावी १९३९ साली जमिनीतून जुन्या नाण्यांचा मोठा साठा निघाला. तालुका तेव्हा अकोला जिल्ह्यात होता, आज तो वाशीम जिल्ह्यात आहे. गुप्तधन म्हटले की वऱ्हाडात मोहरांनी भरलेला हंडाच डोळ्यांपुढे येतो. इथे सोने नव्हते, चांदीही नव्हती. होती ती पोटीनची, म्हणजे तांबे, कथील आणि शिसे यांच्या मिश्रणाची सुमारे १६०० नाणी. एका बाजूला सोंड वर केलेला हत्ती आणि त्याच्या वर ब्राह्मी अक्षरे. दुसऱ्या बाजूला फुलीच्या चार टोकांना चार वर्तुळे.

महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी या नाण्यांचा अभ्यास केला आणि त्यातून गौतमीपुत्र सातकर्णीपासून पुढचे अकरा सातवाहन राजे समोर आले. पुळुमावी, यज्ञ, विजय ही नावे पुराणांच्या वंशावळीत आहेत. कुंभ, कर्ण आणि शक सातकर्णी मात्र पुराणांनाही ठाऊक नव्हते. अखेरच्या काळापर्यंत विदर्भ सातवाहनांच्याच हाती होता, हेही या साठ्याने दाखवले.

हे वाचन सोपे नव्हते. नाणे ठोकायचा साचा अनेकदा धातूच्या चकतीपेक्षा मोठा असे. मग अक्षरांची अख्खी ओळ चकतीवर मावायची नाही. एका नाण्यावर राजाच्या नावाचा शेवट उमटे, दुसऱ्यावर सुरुवात. दोन्हींवर सामायिक असलेल्या अक्षरांचा धागा पकडून पूर्ण नाव जुळवावे लागते. म्हणून अशा साठ्यातले सुटे नाणे जवळजवळ मुके असते. शेकडो नाणी शेजारी शेजारी मांडली तरच ती बोलतात. नाणे म्हणजे एकेकटा सुंदर नमुना, या संग्राहकांच्या लाडक्या कल्पनेशी माझे इथेच जमत नाही.

तो संग्राहक रोमकडे वळला, तर त्याचे काम बरेच सोपे होते. सातवाहनांची सत्ता मावळत होती त्याच सुमारास, इ.स. १९३ ते २३५ या काळात, रोमवर सेव्हेरस घराण्याची सत्ता होती. सेप्टिमियस सेव्हेरस, राणी युलिया डोम्ना, मुलगे कॅराकॅला आणि गेटा, राणीची बहीण युलिया मेसा, तिच्या दोन मुली आणि सम्राट झालेले दोन नातू: सगळ्यांचे चेहरे नाण्यांवर सापडतात, म्हणून हे कुटुंब जमवायचा छंद जगभर आहे. गेटाला २११ मध्ये सख्ख्या भावाने ठार करवले आणि त्याचे नाव शिलालेखांवरून खरवडून काढायला लावले. पण लोकांच्या खिशातली नाणी कोण गोळा करणार? गेटा तिथे टिकला. शिवाय सम्राटाचा एक अधिकार दरवर्षी नव्याने मोजला जाई आणि तो आकडा नाण्यावर येई. त्यामुळे कित्येक नाण्यांचे नेमके वर्ष सांगता येते.

सातवाहनांच्या नाण्यांवर वर्ष नाही. तिथे क्रम लावायचा तो पुनर्मुद्रणावरून किंवा साठ्यांवरून. नाशिकजवळ जोगळटेंभी येथे १९०६ साली तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी मिळाली. ती क्षत्रप नहपानाची, पण त्यांपैकी नऊ हजारांवर गौतमीपुत्राने आपले ठसे पुन्हा मारलेले. कोण आधी आणि कोण नंतर, हे धातूवरच लिहिले गेले. आईचा मान मात्र दोन्हीकडे आहे. रोमने राजमातेचा चेहरा छापला, आपल्याकडे गौतमीपुत्र, वासिष्ठीपुत्र असे आईचे नाव राजाच्या नावाआधी आले.

दोन्ही घराण्यांना जोडणारा खरा दुवा मात्र धातूचा आहे. भारतात सापडणारी रोमन चांदीची नाणी बहुतेक ऑगस्टस आणि टायबेरियस या सेव्हेरसांच्या बऱ्याच आधीच्या सम्राटांची. त्यांतला एक नेहमीचा प्रकार ऑगस्टसने दत्तक घेतलेल्या दोन नातवांचा, गायस आणि लुसियसचा. पुढे इ.स. ६४ च्या सुमारास नीरोने चांदीत भेसळ केली आणि सेव्हेरसच्या काळात चांदी निम्म्यावर आली. आपले व्यापारी पारखी असावेत, कारण नंतरच्या साठ्यांत रोमन चांदी कमी आणि सोने जास्त दिसते. ही भेसळ डोळ्यांना सहज कळत नाही. पृष्ठभागावरचे तांबे निघून जाते आणि वरचा थर शुद्ध भासतो. क्ष-किरणांनी वरवर तपासले तर यंत्रही फसते. म्हणून केविन बुचर आणि मॅथ्यू पाँटिंग या संशोधकांनी नाण्याच्या कडेतून बारीक भोक पाडून आतला धातू तपासला.

रोमन लेखक प्लिनी लिहितो की भारतात तांबे नाही, शिसेही नाही, आणि भारतीय ते रत्ने-मोती देऊन घेतात. हे अर्धवटच खरे आहे. राजस्थानात तांबे आणि शिसे दोन्हींच्या प्राचीन खाणी आहेत. पण भडोच बंदरात तांबे, कथील आणि शिसे उतरत असे, हे ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथातही नोंदलेले आहे. मग तऱ्हाळ्याच्या हत्तीत भूमध्य समुद्राकडचे शिसे असेल का? उत्तर काढायची रीत उपलब्ध आहे. शिशाची चार स्थिर समस्थानिके असतात. त्यांतली तीन युरेनियम आणि थोरियमच्या ऱ्हासातून वाढत जातात. त्यामुळे त्यांचे प्रमाण खाणीखाणीत वेगळे पडते. वेगवेगळ्या खाणींचे शिसे एकत्र वितळवलेले असेल तर मात्र हा माग पुसट होतो.

या तपासणीसाठी नाणे जसे निघाले तसेच हवे. चिंच लावून घासलेल्या नाण्याचा गंजाचा थर जातो, कधी अक्षरेही जातात. त्याहून मोठे नुकसान साठा वाटून घेतल्याने होते. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांहून अधिक किमतीचे धन सापडले तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. सरकारला ते घ्यायचे असल्यास धातूची किंमत आणि वर तिचा एक पंचमांश इतकी रक्कम द्यायची. सोन्याच्या बाबतीत हा हिशेब ठीक म्हणता येईल. पोटीनला मोडीचा भाव आणि त्यावर वीस टक्के, एवढ्यासाठी तहसिलीच्या खेपा कोण घालणार? हत्तीछापाला हौशी संग्राहक त्याच्या कितीतरी पट देतात, आणि कुंभ सातकर्णी कुठल्या नाण्यांशेजारी पडला होता हे कधीच विचारत नाहीत.