महाविद्यालय बदलावे काय?

सह्याद्रीच्या माथ्यावरील आहुपे गावचा विद्यार्थी घोडेगाव वा मंचर येथील महाविद्यालयात एक वर्ष काढतो, आणि मग त्यास पुण्याच्या एखाद्या नामांकित महाविद्यालयाचे वेध लागतात. मोठ्या कंपन्या तेथेच येतात, असे त्याच्या कानी आलेले असते. हा बेत हिताचा की अहिताचा, याचा निर्णय त्याने व पालकांनी मिळून करावा, यास्तव काही गोष्टी आम्ही येथे मांडीत आहो.

कंपन्या ठराविक ठिकाणीच का जातात? शेकडो संस्थांत हिंडावयाचे तर वेळ व पैसा फार लागतो. जेथे प्रवेशाच्या वेळीच कसून निवड झालेली असते, तेथे त्यांस धान्य पाखडलेलेच मिळते. तथापि महाविद्यालयाचे नाव उमेदवारास दारापर्यंतच नेते. परीक्षा व मुलाखत ज्याची त्यासच द्यावी लागते. पुष्कळ कंपन्या गुणांची किमान मर्यादाही घालतात. स्थलांतराच्या धांदलीत गुण घसरले, तर त्या दारापर्यंतही जाता येत नाही. उलट ज्यास लोकसेवा आयोगाची परीक्षा द्यावयाची आहे, त्याची पदवी मान्य विद्यापीठाची असली म्हणजे पुरे. महाविद्यालयाच्या नावाशी आयोगास कर्तव्य नाही.

दुसरा प्रश्न वाटेचा. नव्या ठिकाणी जागा रिकामी हवी, विषय जुळावयास हवेत, आणि पूर्वीचा अभ्यास मान्य व्हावयास हवा. २०२१ साली निघालेल्या श्रेयांक-पेढीमुळे मिळविलेले श्रेयांक नोंदून ठेवण्याची सोय झाली आहे; परंतु प्रवेश देणे न देणे त्या त्या संस्थेच्या हाती आहे. म्हणून नवा प्रवेश निश्चित होईपर्यंत जुना दाखला काढू नये. शिष्यवृत्ती व वसतिगृह यांचे काय होईल, याची चौकशी घोडेगावच्या आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात आधीच करावी.

तिसरा प्रश्न खर्चाचा. नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनी कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात आरंभ केला. पुढे पुण्याचे डेक्कन कॉलेज, व अखेरीस मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून १८८४ साली ते बी. ए. झाले. त्यांचे वडील बंधू गोविंदराव यांस दरमहा पंधरा रुपये मिळत. त्यांतील आठ ते धाकट्या भावास पाठवीत. एवढ्या मोठ्या कॉलेजची पदवी मिळवूनही गोखल्यांनी पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमधील पस्तीस रुपयांची शिक्षकी पत्करली. मोठ्या विद्यालयाचा लाभ त्यांस झाला खरा. पण त्याचा उपयोग कशासाठी करावयाचा, हे त्यांनी स्वतः ठरविले.

तेव्हा विद्यार्थ्यांनो, अर्ज भरण्यापूर्वी एका कागदावर तीन गोष्टी लिहा : आपणांस कोणते काम करावयाचे आहे, त्यासाठी नव्या ठिकाणी असे काय आहे जे येथे नाही, आणि ते आठ रुपये घरातून कोण देणार. तो कागद आईवडिलांस वाचून दाखवा. उत्तरे पटली तर निःशंकपणे जा. न पटली तर आहा तेथेच अभ्यास नेटाने करा. त्यात कमीपणा मुळीच नाही.