ट्रेमधले गांडूळ आणि पुस्तकातले गांडूळ

लखनौच्या गोमतीनगरात उत्तर प्रदेश कृषी संशोधन परिषदेचे कार्यालय आहे. तेथून गोमतीच्या काठाने वरच्या अंगाला गेले की लखनौ विद्यापीठाचा जुना परिसर लागतो. शंभर वर्षांपूर्वी या विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागाने एक साधा प्रश्न गांभीर्याने घेतला: प्रात्यक्षिकाच्या ट्रेमध्ये ठेवलेला प्राणी आणि पुस्तकात वर्णिलेला प्राणी यांत फरक दिसला, तर विद्यार्थ्याने वहीत काय लिहावे? या प्रश्नाचे जे उत्तर तेथे मिळाले, ते आजही शेताच्या बांधावर किडींचे निरीक्षण घेणाऱ्या प्रत्येकाच्या उपयोगाचे आहे.

प्रात्यक्षिकाचा उगम

महाविद्यालयातील जीवशास्त्राचे पहिले प्रात्यक्षिक आज ज्या स्वरूपात होते, त्याची घडण १८७० च्या दशकात इंग्लंडमध्ये झाली. टी. एच. हक्स्ले यांनी शिक्षकांसाठी घेतलेल्या वर्गात प्रत्येक विद्यार्थ्यापुढे सूक्ष्मदर्शक आणि प्रत्यक्ष नमुना ठेवण्याची पद्धत रूढ केली. १८७५ मध्ये त्यांनी आणि एच. एन. मार्टिन यांनी प्राथमिक प्रात्यक्षिक जीवशास्त्रावरील पुस्तक प्रसिद्ध केले. यीस्ट, अमीबा, शिंपला, क्रेफिश, बेडूक असे मोजके प्रातिनिधिक जीव निवडायचे आणि त्यांच्या बारकाव्याने केलेल्या अभ्यासातून जीवसृष्टीची रचना समजून घ्यायची, असा त्यामागचा विचार होता.

ही पद्धत भारतातील महाविद्यालयांतही आली. तिच्यासोबत इंग्लंडमधील पुस्तके आली आणि त्या पुस्तकांतील प्राणीही इंग्लंडचेच होते. बेडूक तिकडचा, क्रेफिश तिकडची आणि गांडूळही तिकडचे, म्हणजे लुम्ब्रिकस.

उत्तर भारताच्या मैदानातील विद्यार्थी मात्र पावसाळ्यात स्थानिक गांडूळ गोळा करून ट्रेमध्ये ठेवत असे. ते फेरेटिमा या प्रजातीचे असे. पुस्तक सांगे की प्रौढ गांडुळाच्या अंगावरील जाड पट्टा, म्हणजे मेखला, ३२ व्या वलयापासून सुरू होते. ट्रेमधील गांडुळात ती १४ व्या वलयापासून सुरू होऊन १६ व्या वलयावर संपे. पुस्तकानुसार प्रत्येक वलयावर आठच दृढरोम असत. ट्रेमधील गांडुळाच्या प्रत्येक वलयाभोवती दृढरोमांचे पूर्ण कडे दिसे. अशा वेळी विद्यार्थ्यापुढे दोन मार्ग होते. पुस्तकातील आकृती वहीत उतरवून गुण मिळवावेत, किंवा डोळ्यांना दिसले ते लिहावे आणि आपलेच काही चुकले असावे अशी शंका मनात बाळगावी.

बहल यांचे उत्तर

प्रा. कर्म नारायण बहल यांनी तिसरा मार्ग काढला. त्यांनी ट्रेमधील गांडुळाचाच मुळापासून अभ्यास केला. १९१९ मध्ये, लखनौ विद्यापीठ स्थापन होण्याच्या आदल्या वर्षी, इंग्लंडमधून निघणाऱ्या ‘क्वार्टर्ली जर्नल ऑफ मायक्रोस्कोपिकल सायन्स’ या नियतकालिकात त्यांचा फेरेटिमाच्या उत्सर्जन संस्थेवरील शोधनिबंध प्रसिद्ध झाला.

लुम्ब्रिकसच्या बहुतेक प्रत्येक वलयात उत्सर्जनाच्या नलिकांची एक जोडी असते आणि ती त्वचेवर, शरीराबाहेर उघडते. बहल यांना फेरेटिमात निराळीच व्यवस्था आढळली. येथे असंख्य सूक्ष्म नलिका असतात. त्यांपैकी वलयांमधील पडद्यांवर असणाऱ्या नलिका बाहेर उघडत नाहीत. त्यांतील द्रव आतड्यात सोडला जातो. आतड्यात आलेले पाणी पुन्हा शोषून घेता येते. कोरड्या, उष्ण हवामानात शरीरातील पाणी वाचवणारी ही सोय असावी, असा अर्थ बहल यांनी लावला. इंग्लंडच्या ओलसर मातीतील गांडुळाची आकृती प्रमाण मानणाऱ्या वर्गात ही गोष्ट कधीच उघड झाली नसती.

पुढे बहल यांच्या संपादनाखाली लखनौहून ‘इंडियन झूलॉजिकल मेमॉयर्स’ ही ग्रंथमाला निघाली. भारतीय विद्यार्थ्यांच्या ट्रेमध्ये जे प्राणी प्रत्यक्ष असतात, त्यांचे सविस्तर व सचित्र वर्णन देणे हा तिचा हेतू होता. पहिला ग्रंथ बहल यांचाच, ‘फेरेटिमा’, १९२६ मध्ये आला. १९२८ मध्ये लखनौच्याच इझाबेला थॉबर्न महाविद्यालयातील ई. मुथम्मा तिल्लैयंपलम यांचा ‘स्कोलिओडॉन’ हा मुशी माशावरील ग्रंथ निघाला. १९४१ मध्ये एम. एल. भाटिया यांनी भारतीय जळूवर लिहिले.

महाराष्ट्राच्या वाचकांना या मालेतील एक नाव विशेष जवळचे वाटेल. १९३७ चा ‘पॅलीमॉन’, म्हणजे भारतीय नद्यांतील झिंग्यावरील ग्रंथ, नागपूरच्या सायन्स कॉलेजमधील एस. एस. पटवर्धन यांचा आहे. क्रेफिशच्या जागी आपल्या नदीतील झिंगा अभ्यासक्रमात स्थिरावला, त्यात या ग्रंथाचा मोठा वाटा आहे. वनस्पतिशास्त्रातही असाच प्रयत्न झाला होता. पुढे लखनौ विद्यापीठात प्राध्यापक झालेले बिरबल साहनी यांनी लॉसनच्या इंग्रजी पाठ्यपुस्तकाची भारतीय विद्यार्थ्यांसाठी सुधारित आवृत्ती तयार करण्याचे काम केले होते.

ज्या गांडुळापासून या ग्रंथमालेची सुरुवात झाली, त्याचे शास्त्रीय नावही पुढे बदलले. ‘फेरेटिमा पोस्थुमा’ आता ‘मेटाफायर पोस्थुमा’ या नावाने ओळखले जाते. नाव बदलले तरी मेखला १४ व्या वलयावरच आहे. काळजीपूर्वक घेतलेली नोंद नाव बदलल्याने जुनी होत नाही.

सुरी गेली, भिंग राहिले

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०११ मध्ये प्राण्यांचे विच्छेदन टप्प्याटप्प्याने कमी करण्याच्या मार्गदर्शक सूचना दिल्या. २०१४ मध्ये प्राणिशास्त्र व जीवशास्त्राच्या पदवी आणि पदव्युत्तर अभ्यासक्रमांतील विच्छेदन बंद करण्याचा निर्णय झाला. प्राण्यांवरील क्रौर्य टाळणे आणि निसर्गातून होणारी त्यांची उचल थांबवणे या दोन्ही दृष्टींनी तो योग्यच होता.

मात्र त्यासोबत एक धोकाही आला. जेथे विच्छेदनाच्या जागी जिवंत प्राण्याचे निरीक्षण आले, तेथे प्रात्यक्षिकाचा दर्जा टिकला. जेथे केवळ तक्ते आणि पडद्यावरील चित्रे आली, तेथे विद्यार्थी पुन्हा पुस्तकातल्याच प्राण्याकडे वळला. चित्रातील प्राणी पुस्तकाशी कधीच विसंगत नसतो. त्यामुळे ‘मला दिसते ते आणि सांगितले आहे ते यांत फरक आहे’ हे म्हणण्याचा प्रसंगच येत नाही. प्रात्यक्षिकाचा खरा लाभ मात्र त्याच प्रसंगात आहे.

शेतात याचे मोल काय?

कृषी विस्तार कार्यकर्त्याचे रोजचे काम हे एक प्रात्यक्षिकच असते. हातात पानावरील अळी असते आणि मनात पुस्तकातील वर्णन. दोहोंचा मेळ न घालता दिलेला सल्ला शेतकऱ्याचा पैसा आणि हंगाम दोन्ही घालवू शकतो. पुढील तीन उदाहरणे पाहावीत.

पहिले उदाहरण मोहरी व मुळ्यावरील करवती माशीचे. तिची काळपट अळी पाने खाते व पतंगाच्या अळीसारखीच दिसते. पोटाखालील मांसल पायांच्या जोड्या मोजल्या की फरक कळतो. पतंगवर्गीय अळीला अशा जोड्या पाचपेक्षा अधिक नसतात; करवती माशीच्या अळीला आठ असतात. पतंगवर्गीय अळ्यांसाठी वापरले जाणारे बॅसिलस थुरिंजिएन्सिस कुर्स्टाकी हे जैविक कीटकनाशक करवती माशीच्या अळीवर चालत नाही. पाय न मोजता फवारणी केली तर औषध वाया जाते आणि शेतकऱ्याचा जैविक उपायांवरचा विश्वासही उडतो.

दुसरे उदाहरण मक्यावरील अमेरिकन लष्करी अळीचे. ही कीड २०१८ मध्ये प्रथम कर्नाटकात नोंदली गेली आणि त्याच वर्षी महाराष्ट्रातही पोहोचली. मक्यावर अनेक अळ्या असतात. डोक्यावरील उलट्या इंग्रजी ‘वाय’ अक्षरासारखी खूण आणि शेपटीकडून दुसऱ्या वलयावरील चौकोनात मांडलेले चार काळे ठिपके, या दोन खुणा एकत्र पाहिल्या तरच ओळख पक्की होते. अळी लहान असताना या खुणा पाहण्यास भिंग लागते, आणि उपाय परिणामकारक ठरण्याची वेळही तीच असते.

तिसरे उदाहरण ढालकिड्याचे. प्रौढ ढालकिडा मित्रकीटक आहे, हे आता बहुतेक शेतकऱ्यांना ठाऊक आहे. त्याची काळसर, नारिंगी ठिपक्यांची, काटेरी दिसणारी अळी मात्र कीड समजून मारली जाते. मावा फस्त करण्यात ती प्रौढाइतकीच तत्पर असते. चित्रात केवळ प्रौढ पाहिलेल्या माणसाला ती ओळखता येत नाही.

गांडुळाचा धडा, शेतीशाळेसाठी

बहल यांचे गांडूळ महाराष्ट्राच्या शेतीशाळेतही उपयोगी पडते. गांडूळखताच्या खड्ड्यातील आणि शेतातील गांडूळ एकच, असा समज अनेक ठिकाणी आढळतो. खतासाठी मोठ्या प्रमाणावर वापरले जाणारे आयसेनिया फेटिडा हे मूळचे युरोपकडील, कुजणाऱ्या सेंद्रिय पदार्थात राहणारे गांडूळ आहे. ते विकत आणून शेतात सोडले तर मातीत बिळे करून जमीन भुसभुशीत करील, ही अपेक्षा चुकीची ठरते. ते काम मातीत राहणाऱ्या गांडुळांचे आहे, आणि त्यांना हवा असतो ओलावा, आच्छादन व सेंद्रिय पदार्थ.

हा फरक शेतकऱ्यांनी ऐकण्याऐवजी मोजून पाहावा. त्यासाठी एक तासाचे प्रात्यक्षिक पुरेसे आहे. पावसानंतर एक-दोन दिवसांनी शेताच्या मातीतून आणि खताच्या खड्ड्यातून प्रत्येकी तीन-चार प्रौढ, म्हणजे मेखला स्पष्ट दिसणारी गांडुळे घ्यावीत. ती साध्या पाण्याने हलकेच धुऊन ओल्या वर्तमानपत्रावर, सावलीत ठेवावीत. मीठ, औषध वा सुरी यांचा वापर करू नये.

१. डोक्याकडील टोक निश्चित करावे. मेखला ज्या टोकाला जवळ असते, ते डोक्याकडील टोक होय.

२. तोंडाच्या वलयापासून मोजणी सुरू करून मेखला कितव्या वलयावर सुरू होते आणि कितव्यावर संपते ते लिहावे. तीन व्यक्तींनी स्वतंत्रपणे मोजावे. आकडे जुळले नाहीत तर पुन्हा मोजावे.

३. मेखला पोटाकडूनही पूर्ण कड्यासारखी आहे की पाठीवर खोगिरासारखी बसलेली आहे, ते पाहावे.

४. दहापट भिंगातून एका वलयावरील दृढरोम पाहावेत. मोजके आठ आहेत की भोवती पूर्ण कडे आहे, याची नोंद करावी.

५. आकृती स्वतः काढावी. तिच्याखाली तारीख, शेत, पीक आणि गांडूळ किती खोलीवर मिळाले ते लिहावे.

६. काम संपताच गांडुळे जेथून आणली तेथेच, ओल्या मातीत परत सोडावीत.

आयसेनियाची मेखला खोगिरासारखी असून ती साधारण २४ ते २६ व्या वलयाच्या दरम्यान सुरू होते, आणि प्रत्येक वलयावर आठ दृढरोम असतात. आपल्याकडील मातीत आढळणाऱ्या लॅम्पिटो मॉरिटी या गांडुळाची मेखला १४ ते १७ व्या वलयांवर पूर्ण कड्यासारखी असते व दृढरोमांचेही कडे असते. खड्ड्यात आफ्रिकेकडील युड्रिलस युजीनी असेल तर त्याचीही मेखला पुढच्या भागातच दिसते; तेथे दृढरोमांची आठ ही संख्या फरक दाखवते. म्हणून केवळ एका खुणेवर निष्कर्ष काढू नये. जातीचे निश्चित नाव हवे असल्यास नमुना कृषी विद्यापीठातील तज्ज्ञांना दाखवावा. नाव कळले नाही तरी खड्ड्यातील व शेतातील गांडुळे निराळी आहेत, हे त्याच दिवशी सर्वांच्या ध्यानात येते.

आधी नोंद, मग नाव

या सर्व विवेचनाचा मथितार्थ एकच आहे. निरीक्षणाच्या वहीत आधी जे दिसले ते लिहावे आणि मग पुस्तकाशी ताडून पाहावे. हा क्रम उलटला की वहीत पुस्तकच उतरते आणि शेत बाजूला राहते. महाराष्ट्रात २००९-१० पासून सुरू असलेल्या क्रॉपसॅप या कीड-रोग सर्वेक्षण प्रकल्पाचा पायाही शेतात जाऊन मोजून केलेल्या नोंदी हाच आहे. आर्थिक नुकसानीची पातळी ओलांडली की नाही, हे सांगणारा आकडा तो मोजणाऱ्या माणसाइतकाच विश्वासार्ह असतो.

पुस्तक आणि नमुना यांत विसंगती दिसली तर ती खोडून टाकू नये. पुन्हा मोजावे, सहकाऱ्याला मोजायला सांगावे, छायाचित्र व नमुना जपून ठेवावा आणि जवळच्या कृषी विज्ञान केंद्राला कळवावे. बहुतेक वेळा मोजणीतील चूक सापडेल. क्वचित एखादी नवी कीड शेतात शिरल्याची ती पहिली खूण असेल, आणि ती वेळेवर कळली तर गावाचा हंगाम वाचेल.