ताई, आवाज जातो कुठे?

आमच्या मेसमधल्या मावशींची दोन मुलं रविवारी आईबरोबर येतात. मोठी सहावीत, धाकटा तिसरीत. परवा धाकट्याने स्टीलच्या ताटावर चमचा आपटला आणि विचारलं, "ताई, आवाज आता कुठे गेला?"

मी पडले कॉन्व्हेंटवाली! 'साउंड इज अ फॉर्म ऑफ एनर्जी' हे घोकलेलं. तेच मराठीत सांगितलं, "आवाज म्हणजे ऊर्जा." त्याने असं बघितलं, जणू मी नुसता मेनू वाचून दाखवतेय आणि ताटात काहीच वाढलं नाहीये.

मग म्हटलं, व्याख्या राहू दे. ताट पुन्हा वाजवलं. "बोट लाव." बोटाला झिणझिण्या आल्या आणि आवाज गप्प. "ताट थरथरत होतं!" तोच ओरडला. झालं, कंपन शिकवून झालं.

पुढे रिकाम्या डब्याच्या तोंडावर फुगा कापून ताणून बसवला, वर मोहरी टाकली. डब्याजवळ ताट जोरात वाजवलं, तर मोहरी टुणटुण उडायला लागली. ताट तर डब्याला लागलंच नव्हतं! "हवेने उडवली," मोठी म्हणाली. बरोबर, पण तिला वाटलं पंख्यासारखा वारा ताटाकडून आला. (मित्रांनो, हसू नका, आपल्यातही असे आहेत.) मग आम्ही सहा जणी बाकावर खेटून बसलो आणि एका टोकाला तिला हलकेच ढकलायला सांगितलं. धक्का दुसऱ्या टोकाला पोचला, पण जागा कुणीच सोडली नाही. हवेचे कण तसेच जागच्या जागी मागेपुढे होतात, पुढे जाते ती ऊर्जा. २० अंश सेल्सिअसला सेकंदाला साधारण ३४३ मीटर वेगाने.

काडेपेटीचा फोनही केला. दोरा ताणला की ऐकू येतं, सैल सोडला की नाही. मध्येच दोरा चिमटीत धरला तर बोलणं तिथेच संपतं.

आणि मग मोठीने गुगली टाकली. "गणपतीत डीजेने खिडक्या थरथरतात. त्या आवाजावर बल्ब लागेल का?"

कागद घेऊन बसले. १०० डेसिबल आवाज म्हणजे एका चौरस मीटरवर फक्त ०.०१ वॉट. सगळी ऊर्जा पकडता आली असं धरलं, तरी ९ वॉटच्या एलईडी बल्बला ९०० चौरस मीटर जागा लागेल. एवढी आपली गच्चीसुद्धा नाही! मग एवढ्याशा ऊर्जेने कान का दुखतात? कारण कान भलताच हळवा आहे. आपल्याला जेमतेम ऐकू येणाऱ्या आवाजाच्या १००० कोटी पट असतो हा १०० डेसिबल. आतल्या कानातल्या केसांसारख्या पेशी त्याने मरतात आणि माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. रात्रभर हेडफोन लावून झोपणाऱ्या माझ्या रूममेटला हे मी मुद्दाम मोठ्याने वाचून दाखवलंय. मोठ्याने म्हणजे तिला ऐकू जाईल इतकंच.

धाकट्याचा प्रश्न राहिलाच होता. ताटाचा आवाज हवेत पसरला, भिंतींवर, पडद्यांवर, आपल्या कपड्यांवर आदळला आणि शेवटी त्याची उष्णता झाली. "मग गरम का नाही लागलं?" इतकी थोडी, की थर्मामीटरलाही कळणार नाही. हे मात्र त्याला पूर्ण पटलेलं नाही. दर रविवारी तो ताट वाजवतो आणि भिंतीला हात लावून बघतो.

मावशी म्हणतात, सांडलेली मोहरी तेवढी गोळा करून द्या.