धुऊन ठेवलेल्या गाडीचे चिकटणारे ब्रेक
पावसाळ्यात जळगाव-धुळ्यात गाडी धुऊन, हँडब्रेक ओढून आठवडाभर उभी ठेवली, की निघताना मागचं चाक हलत नाही आणि मालक ब्रेक खराब झाला असं समजतो. बहुधा दोष साचलेल्या पाण्याचा आणि ओढलेल्या हँडब्रेकचा असतो. आपल्याकडच्या बहुतेक लहान गाड्यांना पुढे डिस्क आणि मागे ड्रम असतो. डिस्क उघडी असल्याने तिच्यावरचा तांबूस गंज दोन-चार ब्रेकांत निघून जातो. ड्रम बंद. आतलं पाणी रेंगाळतं आणि दाबून धरलेला लायनर गंजाने बिडाच्या ड्रमला चिकटतो.

खानदेशात ऊन ४५ अंशांवर जातं, पाणी टिकेल कसं, असं कुणी म्हणेल. मे महिन्यापुरतं ते बरंचसं खरं, जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत नाही. म्हणून धुतल्यावर मोकळ्या रस्त्यावर थोडं चालवून हलके ब्रेक मारावेत; लायनर कोरडे होतात. गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल, तर सपाट जागी हँडब्रेक न ओढता, पहिल्या गिअरमध्ये, चाकांना ठोकळे लावून ठेवावी. गाडी घरंगळेल ही भीती रास्तच आहे. उतारावर हँडब्रेक हवाच.

चाक अडकलंच तर हँडब्रेक सोडून गाडी हळूच पुढे-मागे घ्यावी. ‘टक्’ आवाज होऊन ते सुटतं. जोर करून रेस देऊ नये, लायनर उखडू शकतो. सुटल्यावरही चाक तापत असेल, जळका वास येत असेल किंवा गाडी एका बाजूला ओढत असेल, तर मात्र कॅलिपर किंवा हँडब्रेकची केबल जाम असू शकते. अशी गाडी महामार्गावर नेऊ नये, आधी मेकॅनिकला दाखवावी.